मी कोल्हा झाले त्या संध्याकाळची गोष्ट: 'नेव्हर अलोन'

"मावशी, तू कोल्हा हो," म्हणत अकरा वर्षांच्या भाचीनं कंट्रोलर हातात दिला आणि पहिल्या पाच मिनिटांत मी तीनदा बर्फाळ पाण्यात पडले. दोष माझ्याच बोटांचा.

२०१४ साली आलेला हा व्हिडिओ गेम अलास्कातल्या 'इन्युपियात' या मूलनिवासी लोकांच्या एका जुन्या कथेवर उभा आहे. हिमवादळ थांबतच नाही, म्हणून नुना नावाची मुलगी त्याचं मूळ शोधायला निघते, सोबतीला पांढरा कोल्हा. ती बोला फेकते (दोरीला बांधलेले गोळे, आपल्या गोफणीच्या नात्यातलं हत्यार). कोल्हा चढतो, उड्या मारतो. वाऱ्याचा झोत आला की दोघांनी दबून बसायचं; ते वेळेवर न जमल्यानं आम्ही एकमेकींवर भरपूर ओरडलो.

निवेदन इन्युपियाक भाषेत, अर्थ खाली इंग्रजीत. भाची आधी कुरकुरली, मग वाचायचं सोडून नुसती ऐकत राहिली.

मला आवडलं ते पडद्यामागचं. गेम काढायचं ठरवलं अँकरेजच्या कुक इनलेट ट्रायबल कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या मूलनिवासींच्याच संस्थेनं. सरकारी अनुदानावर विसंबायचं नाही, आपल्या गोष्टीतून आपणच कमवायचं, हा हिशेब. कथा रॉबर्ट नासरुक क्लीव्हलँड या कथेकऱ्याची. त्यात मुलगा होता, गेममध्ये मुलगी झाली. त्यासाठी त्यांच्या कन्या मिनी ग्रे यांना शोधून रीतसर परवानगी घेतली. आपल्याकडे लोककथा म्हणजे बेवारस माल, कुणीही उचलावा. विचारायचं कुणाला, हा प्रश्नसुद्धा पडत नाही.

वाटेत घुबडं सापडतात. प्रत्येक घुबडामागे एक छोटी फिल्म, अशा एकूण २४, आणि त्यांत तिथलीच माणसं बोलतात. त्यांची एक समजूत अशी: आकाशातले हिरवे प्रकाशझोत (ध्रुवीय प्रकाश) म्हणजे लहानपणी मेलेली मुलं. डोकं झाकलं नाहीत तर ती तुमच्या मुंडक्याचा चेंडू करतील! गेममध्ये तीच मुलं नुनाच्या अंगावर धावून येतात. फिल्म आधी बघितली तर भीती दुप्पट.

तीन-चार तासांत संपतो. एकट्यानं खेळता येतो, पण खेळू नका.

अर्ध्यावर कोल्ह्याचं जे होतं ते सांगत नाही. मी कंट्रोलर खाली ठेवला, माझं काम संपलं म्हणून. भाची पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "मावशी, उचल तो. तू आहेस अजून."