दिवा हिरवा, पत्रा तांबडा: गाडीचं इलेक्ट्रॉनिक गंजरोधक यंत्र

रेटिंग ५ पैकी १, आणि तो एक पण वायरिंग व्यवस्थित केलंय म्हणून.

सेकंडहँड हॅचबॅक घेतली त्यात हे आधीच बसवलेलं होतं, आधीच्या मालकाने पावती आणि वॉरंटी कार्ड पण जपून ठेवलेलं. बॉनेटखाली छोटा काळा डबा, बॅटरीवरून दोन वायरी, त्यातून निघालेले दोन चिकट पॅड पत्र्याला लावलेले आणि एक हिरवा एलईडी. बस, एवढंच. किंमत वाचून मी पावती उलटी करून बघितली, मागे अजून काही लिहिलंय का म्हणून.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्या गोंयकाराला गंज काय ते सांगायला नको, ग्रील, गेटच्या बिजागऱ्या, एसीच्या बाहेरच्या युनिटचा स्टँड, सगळं खारं वारं खातं आणि वर चार महिने पाऊस, त्यामुळे असलं यंत्र इथे हातोहात खपणारच. म्हापशाला गेलो तेव्हा हे विकणाऱ्या दुकानात मुद्दाम विचारलं की हे नक्की करतं काय. काउंटरवरचा म्हणाला, "पात्रांव, गाडीभोवती फील्ड तयार होतं, खारी ओली हवा पत्र्याला टेकतच नाही, लांब ढकलली जाते." एवढ्या कॉन्फिडन्सने म्हणाला की घरी येऊन वाचत बसलो.

तर भानगड अशी आहे. हवा म्हणजे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, आणि हे रेणू न्यूट्रल, त्यांच्यावर चार्जच नाही, मग इलेक्ट्रिक फील्ड धरणार कशाला आणि ढकलणार कशाला? जिथे थोडाफार परिणाम होतो तिथे तर उलटंच होतं. कोरड्या केसांवरून फिरवलेला कंगवा नळाच्या बारीक धारेजवळ न्या, धार कंगव्याकडे वाकते, लांब पळत नाही. पाण्याच्या वाफेचंही तेच, जिथे फील्ड जास्त तिथे ती ओढली जाते. ऑक्सिजनला तर चुंबकही ओढतो, लिक्विड ऑक्सिजन ताकदवान चुंबकाच्या दोन टोकांमध्ये चक्क अडकून राहतो. नायट्रोजनला चुंबक नको असतो हे खरं पण ते इतकं किंचित की खिडकीतून आलेल्या झुळकेपुढे त्याची काही किंमत नाही. म्हणजे डब्यातून खरंच दमदार फील्ड निघत असतं तर गंजाला लागणारं पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही पत्र्याकडेच आले असते, ढकलायचं राहूच दे!

मग फील्डने हवा ढकलता येतच नाही का? येते की, पण आधी तिच्यात चार्ज घालावा लागतो. बारीक तारेला हाय व्होल्टेज दिलं की तिच्याजवळ आयन, म्हणजे चार्ज असलेले कण, बनतात आणि ते दुसऱ्या इलेक्ट्रोडकडे धावताना वाटेतल्या साध्या रेणूंना ढुसण्या देत जातात, त्याने वारा सुटतो. २०१८ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या स्टीव्हन बॅरेट आणि त्यांच्या टीमने याच्यावर पंखा नाही की प्रोपेलर नाही असं विमान उडवून दाखवलं, पंखांचा पसारा ५ मीटर, वजन अडीच किलोच्या आसपास, व्होल्टेज सुमारे ४०,०००, आणि उडालं किती तर जिममध्ये ६० मीटर. आणि त्यातसुद्धा हवा पुढे गेली की मागून दुसरी येतेच, रिकामी जागा कोण ठेवू देतं, समुद्रसपाटीला दर चौरस मीटरवर १० टनांचा दाब आहे हवेचा. आपल्याकडे मागून येणारी हवा म्हणजे तीच, मिरामार किनाऱ्याची खारी. शिवाय या प्रकारात ओझोन तयार होतो, तो रबराला चिरा पाडतो, म्हणजे गाडीच्या दारांची बीडिंग, ती रबरी पट्टी, पण गेली.

हवा खरोखर अडवून धरणारी एक वस्तू आहे, प्लाझ्मा विंडो, १९९५ ची, अमेरिकेतल्या ब्रुकहेवन लॅबच्या अ‍ॅडी हर्शकोविच यांची. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम, मध्ये काच नाही. पण तिथेही अडवण्याचं काम हजारो अंश तापलेला प्लाझ्मा, म्हणजे चार्ज झालेला वायू, करतो, फील्ड फक्त त्याला जागेवर ठेवतं, आणि छोट्याशा भोकासाठी किलोवॅटमध्ये वीज जाते. इथे १२ व्होल्टची बॅटरी आणि हिरवा एलईडी.

दुकानदाराने "जहाजांना पण हेच लावतात" असंही ठोकून दिलं होतं. नाही हो. हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ मध्ये जहाजांसाठी जे शोधलं ते वेगळं, आजही बोटींच्या बुडाला जस्ताचे ठोकळे लावतात, बुडाऐवजी जस्त झिजतं, आणि ते चालतं कारण बूड आणि जस्त दोन्ही एकाच पाण्यात बुडालेले असतात, करंट पाण्यातून फिरतो. गाडी हवेत उभी असते. ती मांडवी नदीत पार्क करायची असेल तर विचार करू.

माझ्या गाडीचं सांगतो. मेकॅनिकने एक पॅड सोलून काढला तर त्याच्या कडेलाच पेंट फुगलेला, नखाने टोकरला तर खाली तांबडा भुगा. दरवाज्याच्या खालची पाणी जायची भोकं मातीने आणि बारीक रेतीने बुजलेली, तार घातल्यावर आतून चहासारखं पाणी आलं. खरा खेळ तिथे असतो, मीठ एकदा सांदीत बसलं की हवेत ७५ टक्के दमटपणा झाला तरी स्वतःच पाणी ओढतं, पाऊस लागतच नाही, आणि आपल्याकडे ७५ म्हणजे साधा दिवस. हे सगळं चालू असताना एलईडी मात्र हिरवागार.

वॉरंटी कार्ड वाचण्यासारखं आहे. अंडरबॉडी नाही, जॉइंट नाही, ओरखडा पडलेली जागा नाही, आधीचा गंज नाही, आणि दरवर्षी स्वखर्चाने तपासणी केलेली पाहिजे. मग उरलं काय, छप्पर?

एवढ्या पैशात अंडरबॉडी कोटिंग, दरवाज्यांच्या आत वॅक्स आणि वर पाऊस संपल्यावर खालून प्रेशर वॉश, सगळं झालं असतं. मी आता तेच करून घेतलंय. डबा काढला, फ्यूज होल्डर चांगला निघाला तो डॅशकॅमला वापरला.