दुर्मीळ नावांचे सशुल्क ॲप : एका आत्याचा अभिप्राय

आमच्याकडे बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, आणि त्या मानासोबत नाव शोधण्याचे कामही बहुतेक वेळा तिच्याच गळ्यात पडते. भावाला मुलगा झाला तेव्हा त्याची आणि वहिनीची अट एकच होती : वर्गात त्या नावाचा दुसरा मुलगा निघता कामा नये. बारसे बाराव्या दिवशीच करायचे ठरले असल्याने हाताशी वेळ थोडा होता. म्हणून मी बाळांची नावे सुचवणाऱ्या एका ॲपची ४९९ रुपयांची वार्षिक वर्गणी भरली. ॲपचे नाव येथे देत नाही, कारण त्याच धर्तीची दोन-तीन मोफत ॲपही मी चाळली आणि त्यांच्या याद्या जवळजवळ सारख्याच निघाल्या.

जन्मवेळ आणि जन्मस्थळ भरताच ॲपने आर्द्रा नक्षत्राचे तिसरे चरण दाखवले. ते घरच्या पंचांगाशी बरोबर जुळले, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे. त्यापुढे मात्र त्याची गाडी अडली. सत्तावीस नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांची (चतुर्थांशांची) मिळून नावाच्या सुरुवातीची १०८ अक्षरे ठरलेली आहेत. त्यांत आर्द्रेची कू, घ, ङ आणि छ, म्हणजे आमच्या बाळाच्या वाट्याला नेमका ‘ङ’ आला. ॲपने ‘० नावे आढळली’ असे सांगून आणखी ९९९ रुपयांत तज्ज्ञांचा सल्ला देऊ केला. वास्तविक ङ, ञ आणि ण या अक्षरांनी नावे सुरू होत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी अनुक्रमे ग, ज आणि ड घ्यावेत असा संकेत जुनाच आहे, आणि आमच्या गुरुजींनी तो फोनवर अर्ध्या मिनिटात फुकट सांगितला. शिवाय नाक्षत्रनाम, म्हणजे या अक्षरावरून ठेवायचे नाव, आणि हाक मारायचे नाव एकच असावे लागत नाही. बारशाला ताटातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने ही नावे वेगवेगळी लिहितात. हे ज्याला ठाऊक नाही त्याला ॲप उगाचच एका अक्षरात कोंडून ठेवते.

खरी निराशा झाली ती ‘दुर्मीळ’ या विभागात. तिथली बहुसंख्य नावे ‘-आंश’, ‘-आन’ आणि ‘-इक’ या तीन शेपट्या आलटून पालटून लावून तयार झालेली दिसतात. ‘शिवांश’ हा सरळ संधी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘रेयांश’चा अर्थ ‘सूर्यकिरणाचा अंश’ असा दिला आहे आणि ‘रेय’ म्हणजे सूर्यकिरण हे मला कोणत्याही संस्कृत कोशात सापडले नाही. ‘आरव’चा अर्थ ‘शांत’ असा छापला आहे. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या समानार्थी शब्दकोशात, हा शब्द निनाद, ध्वनी, रव यांच्या पंक्तीत, आवाजाच्या पर्यायांमध्ये बसलेला आहे. नवजात बाळाला तो अधिक शोभतो हे खरे, पण शांततेसाठी तो निवडणाऱ्या आईवडिलांची ही फसवणूकच म्हणावी लागेल. याउलट ‘विहान’ला ‘पहाट’ हा बरोबर अर्थ दिला आहे. म्हणजे चूक आणि बरोबर शेजारी-शेजारी, एकाच ठामपणाने लिहिलेले असते, आणि प्रत्येक नाव कोशात पडताळण्याची तयारी नसेल तर या यादीचा काही भरवसा नाही.

आमच्या आजीच्या पिढीने धोंडू, दगडू, केरू अशी नावे ठेवली ती आधीची मुले दगावली म्हणून, या मुलावर तरी काळाची नजर जाऊ नये यासाठी. त्या नावांमागे निदान एक हेतू होता. देवगिरीच्या यादवांच्या वंशावळीत भिल्लम आणि सिंघण आहेत, सातवाहनांत पुळुमावी आहे. तशी नावे ठेवा असे माझे म्हणणे नाही, पण मराठी म्हणवणाऱ्या ॲपमध्ये शोधून त्यांपैकी एकही मिळू नये याचे नवल वाटले.

ही यादी मुळात रोमन लिपीत तयार करून यंत्राने देवनागरीत आणली असावी, अशी शंका ‘प्रणव’ आणि ‘अर्णव’ यांच्या जागी ‘प्रनव’ आणि ‘अर्नव’ पाहून पक्की होते. ‘ऋ’ आणि ‘ज्ञ’ यांचा मराठी उच्चार हिंदीपेक्षा वेगळा असल्याने एकाच नावाची रोमन अक्षरे पुढे पासपोर्टवर कशी लिहावीत हा प्रश्न प्रत्येक घरात उभा राहतो. त्याबद्दल एक ओळही नाही. पूर्ण नाव कसे दिसेल हे दाखवणारी सोय आहे, पण तिच्यात तीनच रकाने आहेत. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरला आहे, तेव्हा लांबलचक नाव त्या चौघांत कसे ऐकू येते हे आम्हाला मोठ्याने वाचूनच ठरवावे लागले. ‘२१ दिवसांत नाव निश्चित करा’ ही तांबडी सूचनाही दिशाभूल करणारी आहे. ती मुदत जन्माच्या नोंदणीची असते. नाव मागाहून १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत नोंदवता येते.

उपयोगी पडली ती मतदानाची सोय. पुणे, नाशिक आणि दुबई अशा तीन ठिकाणी विखुरलेल्या आमच्या घराने एकाच यादीवर पसंती नोंदवली, आणि फोनवर होणारी निम्मी भांडणे टळली. एवढ्यासाठी मी पाचपैकी दोन तारे देते.

नाव शेवटी वहिनीच्या माहेराहून आले. तिचे माहेर सासवडचे, आणि तिथे कऱ्हेकाठी सोपानदेवांची समाधी आहे. ‘सोपान’ उच्चारायला सोपे, अर्थाने निःसंदिग्ध, आणि आजच्या बालवाडीत बहुधा एकटेच असेल. मी ते ॲपमध्ये शोधून पाहिले, तेव्हा त्याला ‘दुर्मीळ’ची खूण नव्हती, ‘जुने नाव, पसंती कमी’ असा शेरा होता. तांदळांत आधी ‘गजानन’ आणि मग ‘सोपान’ लिहिले, आणि दुसऱ्याच दिवशी मी वर्गणी बंद केली. तरी ‘तुमच्या बाळासाठी आज ५ नवी नावे’ हा संदेश अजूनही रोज सकाळी येतो.