साठवलेले शोध, नवी निविदा: पोस्टग्रेस की इलॅस्टिकसर्च?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेल कारखानदारांना नव्या निविदांच्या सूचना पाठवायच्या, तर नेहमीचा शोध उलटा करावा लागतो. प्रत्येकाचा शोध आधीच साठवलेला असतो. निविदा आली की ती कोणाकोणाच्या शोधात बसते ते पाहायचं. डेटा आधीच पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये असेल तर तिथूनच सुरुवात करा.

शोध टीएसक्वेरी (शोधाची अट साठवणाऱ्या) प्रकारच्या रकान्यात ठेवा, निविदेचा टीएसव्हेक्टर, म्हणजे तिच्यातल्या शब्दांची यादी, एकदाच बनवा आणि ‘जुळतं का’ तपासणाऱ्या @@ ने जुळवा. बहुतेक जण अडकतात ते इंडेक्सपाशी, म्हणजे शोध वेगवान करणाऱ्या सूचीपाशी. टीएसक्वेरीवर जिस्ट प्रकारचा इंडेक्स बनतो, पण तो @> आणि <@ या ‘एका शोधात दुसरा सामावतो का’ हे पाहणाऱ्या खुणांपुरता. @@ ला त्याचा उपयोग नाही, त्यामुळे टेबलातली प्रत्येक ओळ तपासली जाते. दोन-चार हजार शोधांना हे सहसा पुरतं. एक्सप्लेन ॲनालाइझ या आज्ञेने वेळ बघून घ्या. शोध फार वाढले तर त्यांतले शब्द ॲरे (यादी) रकान्यात काढा, त्यावर जिन प्रकारचा इंडेक्स लावा, && ने (एखादा तरी शब्द समान आहे का) आधी चाळा आणि उरलेल्यांवरच @@ चालवा.

इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रणेचा पर्कोलेटर (उलट्या शोधाची तयार सोय) ही चाळणी स्वतःच लावतो. शोध नोंदवतानाच त्यातले शब्द काढून ठेवतो, निविदा मेमरीतल्या तात्पुरत्या इंडेक्सात घेतो आणि जुळण्याची शक्यता असलेलेच शोध चालवतो. शोधातली फील्ड मॅपिंगमध्ये (फील्डच्या यादीत) आधीपासून हवीत. शिवाय दुसरा सर्व्हर सांभाळायचा, आणि ग्राहकाने शोध बदलला की तो दोन्हीकडे बदलायचा. ओरॅकल डेटाबेस आधीच असेल, तर त्याचा सीटीएक्सरूल इंडेक्स आणि मॅचेस याच कामाचे आहेत.

खरी परीक्षा मराठीची. पोस्टग्रेस आणि इलॅस्टिकसर्च दोन्हीकडे शब्दाची रूपं मूळ शब्दाकडे नेणारी हिंदीची तयार व्यवस्था आहे, मराठीची नाही. ‘चादर’ शोधाला ‘चादरींचा पुरवठा’ सापडत नाही. पोस्टग्रेसमध्ये ‘चादर:*’, म्हणजे ‘चादर’ने सुरू होणारा कोणताही शब्द, असं लिहावं लागतं. ‘सोलापूर:*’ला मात्र ‘सोलापुरात’ लागत नाही, कारण दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. तिथे ‘सोलाप:*’ ठेवा. मजकुरापासून टीएसक्वेरी बनवणारं वेबसर्च_टू_टीएसक्वेरी हे फंक्शन :* ओळखत नाही. टू_टीएसक्वेरी ओळखतं, पण लिहिण्यात चूक असली की एरर देतं. म्हणून शोध साठवतानाच तपासा.

आता चाळणीकडे परत या. पोस्टग्रेसच्या && मधून :* चे आणि ‘!पॉलिस्टर’सारखे निव्वळ नकाराचे शोध गुपचूप गळतात. ते वेगळे ठेवून दर वेळी पूर्ण तपासा. पर्कोलेटर ते गाळत नाही, पण शब्द काढता न आल्याने दर निविदेला चालवतो, म्हणजे वेगाचा फायदा तिथेच संपतो. त्यावर उपाय एज एन-ग्रॅम: निविदेच्या शब्दांचे सुरुवातीपासूनचे तुकडे इंडेक्स करतानाच पाडा आणि शोधात ‘सोलाप’ हा साधा शब्द ठेवा. शोधाच्या बाजूला तोच तुकडे पाडणारा ॲनालायझर लावू नका. नाहीतर ‘सोलाप’चेही ‘सो’, ‘सोल’ असे तुकडे पडतील आणि कारखानदाराला भलत्याच निविदा जातील.