जंगलात एक रात्र काढायची तर ताडोबा की पेंच?

आपल्या नागपूरकरांचं एक बरं आहे, उमरेड रोडला लागलं की ताडोबा आणि जबलपूर रोडला लागलं की पेंच. पण पहिल्यांदाच टेंटमध्ये राहायचं असेल आणि सोबत पोट्टे असतील तर मी सरळ सांगतो, पेंचलाच जा. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागात, टेंट कोणालाच टाकता येत नाही, मुक्काम दोन्हीकडे गेटबाहेर, बफरमध्ये (कोअरभोवतीच्या पट्ट्यात) नाहीतर गावालगत, म्हणून गेटबाहेर रात्री काय मिळतं तेच बघायचं.

ताडोबा म्हणजे वाघ. 1955 चं, राज्यातलं सगळ्यात जुनं नॅशनल पार्क, आणि एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यावर वाघ दिसायचा चान्स पेंचपेक्षा नक्कीच जास्त. नागपूरहून मोहर्लीपेक्षा कोलारा गेट जवळ पडतं. मंगळवारी बंद असतं आणि सफारीत मोबाईल नेता येत नाही हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. पण तिथं सगळा दिवस जिप्सीच्या टायमिंगवर चालतो, पहाटे गेटवर, दुपारी परत गेटवर, मग रात्री जेवलं की माणूस आडवाच होतो, टेंट लावला काय अन् खोली घेतली काय, फरक पडत नाही.

पेंचला मात्र रात्रीसाठीच जायचं. सिल्लारी-वाघोलीचा तो पट्टा जानेवारी 2024 मध्ये भारतातला पहिला डार्क स्काय पार्क, म्हणजे तारे दिसावेत म्हणून रात्रीचा अंधार जपलेली जागा ठरला, गावातले रस्त्यावरचे दिवेसुद्धा बदलून खाली तोंड करून लावलेत, काहून की उजेड वर गेला की तारे गेले. डिसेंबर-जानेवारीत अमावस्येच्या आसपासचा दिवस धरा, डोळ्यांना वीसेक मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या, मग कृत्तिकांचा झुबका आणि खाली मृगाचे तीन तारे पोट्टे स्वतःच बोट दाखवून सांगतात. मधेच सांबराचा कॉल, म्हणजे धोका दिसला की देतो ती हाक, आला तर सगळे एकदम गप्प! आणि प्लीज, टॉर्च मारत फिरू नका, लागलाच तर त्यावर लाल कागद लावा. टेंटमध्ये खायचं अजिबात ठेवू नका, वानरं सोडत नाहीत. थंडी भयंकर असते, सकाळच्या उघड्या जिप्सीत तर एक स्वेटर पुरतच नाही, घरची जाड ब्लँकेट घेऊनच जा.

पेंचला वाघ दिसेलच असं धरून जाऊ नका, हिवाळ्यात तर नाहीच, झाडी दाट असते. वाघच बघायचा असेल तर मे मध्ये ताडोबा करा, पण तेव्हा टेंटचा हट्ट सोडा, चंद्रपूरकडचं ऊन आहे ते, कूलरवाली खोली बघा आणि सफारीचं बुकिंग मिळालं की मगच खोलीचे पैसे भरा.