गोल कुंपण की बारा फुटी दोर?

घोड्याच्या पाठीवर बसण्याआधी काही महिने ग्राउंडवर्कला, म्हणजे जमिनीवर उभं राहून त्याला शिकवण्याला, द्यायचे हे तुमचं ठरलंय, असं मी धरून चालतो. मग उरतो एकच प्रश्न. शेताच्या कोपऱ्यात गोल कुंपण उभारून घोडी आत मोकळी फिरवायची, की मोरकीला, म्हणजे तोंडावरच्या दोरीच्या बंधाला, दोर लावून जवळच काम करायचं? मी दोन्ही केलंय, आधी कुंपण आणि मग दोर. घोडी एकच होती. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेतून आणलेली काठेवाडी, तेव्हा चार वर्षांची, अंगाला हात लावला की कातडी थरथरवणारी. त्यामुळे पुढचं सगळं तिच्या अनुभवावरचं आहे. तुमचं जनावर थंड स्वभावाचं असेल तर हिशेब थोडा बदलेल.

कुंपणात जे घडतं ते पाहून कोणीही भारावून जाईल. साधारण 50 ते 60 फूट व्यासाचं रिंगण, घोडी मोकळी, तुम्ही मध्यभागी. छाती तिच्याकडे रोखली की ती पळते, खांदे सैल करून मागे सरलात की मंदावते. काही फेऱ्यांनी आतल्या बाजूचा कान तुमच्याकडे वळतो, मान उतरते, जबडा चघळल्यासारखा हलतो. मग आपण पाठ फिरवायची आणि ती आपणहून मागे येते. कॅलिफोर्नियाचे घोडे शिकवणारे माँटी रॉबर्ट्स यांनी ही पद्धत ‘जॉइन-अप’ म्हणून जगभर नेली. 1989 मध्ये राणी एलिझाबेथ यांनी त्यांना मुद्दाम विंडसरला बोलावून ती पाहिली. माझ्या घोडीचा श्वास पहिल्यांदा मानेमागे लागला, तेव्हा मी बराच वेळ हललो नव्हतो.

कुंपणाचं एक ऋण मी आजही मानतो. हातात दोरच नसल्याने ओढता येत नाही, म्हणून कुठे आणि कसं उभं राहायचं ते शिकावं लागतं. घोड्याला अगदी कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा भाग सोडला तर जवळजवळ सगळीकडचं दिसतं. तिच्या खांद्याच्या रेषेपुढे अर्धं पाऊल टाकलं तर ती थांबते, मागे टाकलं तर निघते, हे मला तिथेच कळलं.

खटकलं ते फाटकाबाहेर. आत माझ्या पावलावर पाऊल टाकणारी घोडी बाहेर वीस पावलं जाताच वेगळीच व्हायची. बांधाच्या तारेत खताची रिकामी गोणी अडकलेली होती. ती फडफडली की घोडी बुजायची, मान आकाशात, आणि दोर माझ्या तळहातातून सरसरत निघायचा. मी तिला परत कुंपणात न्यायचो, फेऱ्या घ्यायचो, ती मागे यायची, माझं समाधान व्हायचं. फाटक उघडलं की पुन्हा तेच. असं जवळजवळ दोन महिने चाललं.

मग विचार केला की आत तिच्यापुढे पर्याय तरी कोणते होते? पळत राहणं किंवा माझ्यापाशी येऊन विसावा घेणं. बाहेर विसाव्याच्या जागा भरपूर, तबेला आहे, दुसरे घोडे आहेत. शिवाय भीती वाटली आणि दोर ताणला गेला तर काय करायचं, हे मी तिला कधी शिकवलंच नव्हतं. जबडा चघळण्याला मी होकार समजत होतो. एकदा डॉक्टर सुई टोचून गेल्यावर ती तशीच चघळताना दिसली. तेव्हापासून त्याचा अर्थ मी ताण ओसरला एवढाच घेतो.

दोराचं काम बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल. बारीक, गाठींची मोरकी आणि 12 फुटी दोर. दोर हलकेच ताणायचा आणि घोडीने वजन मागे टाकलं रे टाकलं की सैल सोडायचा. शिकवतो तो सैल झालेला दोर. सोडायला उशीर झाला आणि तेवढ्यात तिने मान वर केली, तर ती मान वर करायला शिकते. पहिला आठवडा आम्ही फक्त एक पाऊल मागे सरत होतो. नंतर हलक्या दाबाने मान खाली, नंतर मागचे पाय आडवे टाकणं. अमेरिकी अश्वप्रशिक्षक पॅट पॅरेली यांचे ‘सात खेळ’, म्हणजे ग्राउंडवर्कचे सात सराव, याच लांबीच्या दोरावर सुरू होतात. मी त्यांतले पहिले तीनच धरले, तेवढे पुरले.

मग ती गोणी. चाळीसेक फुटांवर थांबायचं, दोर सैल ठेवायचा, तिने नाकातून मोठा श्वास सोडेपर्यंत वाट पाहायची आणि तिचे पाय चुळबुळण्याआधी आपणच मागे वळायचं. दुसऱ्या दिवशी दोन पावलं जवळ. तिसऱ्या आठवड्यात तिने गोणीला नाक लावलं. त्या दिवशी वारा होता आणि गोणी फडफडत होती.

दोरात दोष नाहीत असं नाही. उतावळा माणूस सारखा हिसके देत राहतो आणि घोडी त्या हिसक्यांकडे लक्ष देणंच सोडते. हातमोजे घाला, दोर चुकूनही हाताला गुंडाळू नका, आणि बारीक मोरकीवर घोडी बांधून ठेवू नका. मोरकी तुटत नाही, त्यामुळे मानेला इजा होते. ज्या जनावराला माणसाचा हातच ठाऊक नाही किंवा जे दुगाण्या झाडतं, त्याच्या शेजारी बारा फुटांत उभं राहा असं मी सांगणार नाही. तिथे पहिले काही दिवस कुंपणच बरं. मात्र काळ्या मातीत जुलैपासून रिंगणाचा चिखल होतो, आणि कोवळ्या सांध्यांना रोजच्या गोल फेऱ्या मानवत नाहीत. अंगणात मागे-पुढे करायला पावसाळ्यातही अडचण येत नाही.

कुंपण मी मोडलेलं नाही, नवं जनावर आलं की आठ-दहा दिवस ते लागतं. पण सध्या एकाच गोष्टीपुरते पैसे असतील, तर माझ्या मते आधी चांगला जड दोर घ्या. खरारा झाला की पंधरा मिनिटं काढा, आणि तुमची घोडी बांधावर जिथे बुजते तिथून चाळीस फूट अलीकडे जाऊन तिच्यासोबत उभे राहा.