मांजरासाठी दाराला झडप लावायचीय? मुंबईच्या फ्लॅटमध्ये कुठली घ्यावी आणि कुठल्या दाराला लावावी

कॅट फ्लॅप, म्हणजे मांजराने ढकलून ये-जा करायची दारातली छोटी झडप, घ्यायचं मनात असेल तर ऑनलाइन मॉडेलं बघत बसण्याआधी एकदा घरातली दारं बघून या. बाहेरच्या देशातल्या व्हिडिओंमध्ये ही झडप नेहमी मागच्या दाराला असते, पलीकडे बाग, मांजर आपलं जातं आणि फिरून येतं. मुंबईत मेन डोअरच्या पलीकडे काय असतं? सोसायटीचा पॅसेज, शेजाऱ्यांचे चपलांचे रॅक, लिफ्ट आणि जिना. तिकडे जायला मांजराला वाट करून देण्यात काही अर्थ नाही. आपल्याकडे झडपेचं खरं काम घराच्या आतच असतं. लिटर बॉक्स, म्हणजे मांजराचा शी-शूचा ट्रे, बाथरूममध्ये नाहीतर ड्राय बाल्कनीत, त्यामुळे ते दार दिवसरात्र उघडं, त्यातून वास येतो, डास येतात, एसी चालू असला की गारवा तिकडून निघून जातो, आणि पाहुण्यांपैकी कोणी सवयीने दार ओढून घेतलं की मांजर बिचारं दाराशी ओरडत बसतं नाहीतर सोफ्यामागे जाऊन करतं. हा प्रॉब्लेम सोडवायचाय. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते: बरोबर जागी लावलेली साधी स्वस्तातली झडप ही चुकीच्या दाराला लावलेल्या महागड्या झडपेपेक्षा केव्हाही बरी.

आता प्रकार. साधी झडप म्हणजे प्लास्टिकची फ्रेम, मधे पारदर्शक पान, आणि ते पान वाऱ्याने हलू नये म्हणून खाली बारीकसं मॅग्नेट. बहुतेकांना फोर-वे लॉक असतं, म्हणजे फक्त आत, फक्त बाहेर, दोन्हीकडे, किंवा पूर्ण बंद. घराच्या आतल्या दाराला एवढं पुरतं, खरंच पुरतं. बॅटरी नाही, सेटिंग नाही, बिघडण्यासारखं काही नाही. घेताना पान दुकानात एकदा हाताने ढकलून बघा नाहीतर रिव्ह्यूमधले व्हिडिओ बघा, काही झडपांचं मॅग्नेट एवढं कडक असतं की तीन किलोच्या मांजरीला डोकं लावून जोर करावा लागतो आणि मग ती त्या वाटेला जातच नाही.

दुसरा प्रकार गळ्यातल्या मॅग्नेटवर उघडणारा. हा मी कोणालाच सुचवणार नाही. ज्या मांजराच्या गळ्यात मॅग्नेट आहे त्याला तो उघडतो, मग ते तुमचं असो की शेजाऱ्यांचं. त्या मॅग्नेटला घरातल्या टाचण्या, क्लिपा चिकटून येतात. आणि मुंबईत घरोघरी खिडकीला ग्रिल, त्यात पट्टा अडकला तर फास बसू शकतो, म्हणून ओढ बसली की आपोआप सुटणारा पट्टाच घालावा लागतो, तो एकदा सुटून पडला की मांजर झडपेच्या बाहेर. एवढं सगळं करण्यापेक्षा एकतर साधी घ्या नाहीतर थेट चिपवाली.

चिपवाली झडप मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. मांजराच्या खांद्यांच्या मधे कातडीखाली व्हेट, म्हणजे प्राण्यांचे डॉक्टर, तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप टोचतात, तिला स्वतःची बॅटरी नसते, झडपेतल्या अँटेनाने सिग्नल सोडला की तेवढ्यापुरती चिप जागी होते आणि आपला १५ आकडी नंबर देते. तो नंबर झडपेच्या मेमरीत असेल तर आतली खिटी सरकते आणि पान मोकळं होतं, नसेल तर बंदच. चांगल्या मॉडेलमध्ये ३२ मांजरांपर्यंत नंबर साठवता येतात. एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, की बऱ्याच चिपवाल्या झडपा फक्त आत येताना नंबर तपासतात, बाहेर जायला कोणालाही मोकळीक असते. जातानाही तपासणारं मॉडेल वेगळं असतं आणि महाग असतं, ते ऑर्डर देण्याआधी वाचून घ्या. किंमत पाच आकडी, बहुतेक माल बाहेरून आलेला, चार पेन्सिल सेल लागतात आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत सेलच्या पत्र्यांवर हिरवट गंज धरतो, त्यामुळे पावसाळ्याआधी सेल काढून पत्रे कोरड्या कापडाने पुसायची सवय ठेवावी लागते.

मग ही घ्यायची कोणी? एक म्हणजे जे तळमजल्यावर राहतात, चाळीत, बैठ्या घरात, वर्सोवा-उत्तनसारख्या गावठाणात, जिथे मांजर खरोखर बाहेर जाऊन येतं. तिथे साधी झडप लावली तर गल्लीतला बोका ती वाट दोन दिवसांत शिकतो, येऊन भांड्यातलं खाऊन जातो आणि वर भिंतीवर फवारा मारून जातो, ज्याचा वास फिनाइलनेही जात नाही. बोक्याचं सोडा, घूस साधं पान सहज ढकलते. चिपमुळे हे दोन्ही थांबतं. थांबत नाही ते एकच, तुमच्याच मांजरीने तोंडात धरून आणलेला जिवंत उंदीर, कारण झडपेला मांजरीचा नंबर कळतो, तोंडातलं काय ते कळत नाही. पावसाळ्यात लेप्टोचा, म्हणजे उंदरांपासून पसरणाऱ्या तापाचा, धोका असतो तेव्हा हे लक्षात ठेवा. आरे किंवा येऊरच्या बाजूला राहत असाल तर रात्री झडप बंदच हवी, तिथे बिबट्या वस्तीपर्यंत येतो, आणि काही चिपवाल्या मॉडेलमध्ये ठरलेल्या वेळी आपोआप लॉक व्हायची सोय असते ती अशा घरांसाठी पैसे वसूल आहे.

दुसरं कारण फ्लॅटवाल्यांचं, आणि याचा विचार फार कमी लोक करतात. घरात दोन मांजरं आहेत, एकाला किडनीचा त्रास म्हणून व्हेटनी वेगळं खाणं दिलंय आणि दुसरं येऊन ते फस्त करतं. छोट्या बेडरूमच्या दाराला चिपवाली झडप लावून फक्त आजारी मांजराचा नंबर टाकला की त्याचं खाणं आत सुरक्षित राहतं, आणि दुसरं चुकून आत राहिलं तरी बाहेर पडू शकतं. आमच्या मुलुंडच्या एका मैत्रिणीकडे आधी दर जेवणाला कोणीतरी पहारा द्यायचं, झडप लावल्यापासून ते बंद झालं. अशा घरात मी स्वतः म्हणेन, खर्च करा.

आता दारं. बाथरूमचं दार आपल्याकडे एकतर पीव्हीसीचं नाहीतर लॅमिनेट लावलेलं फ्लश डोअर. पीव्हीसीचं कापायला सोपं, सुतार जिगसॉने दहा मिनिटांत भोक पाडतो, पण कापल्यावर आत बघा, पोकळ नळ्या नळ्या दिसतात. त्या तशाच सोडल्या तर आत पाणी जातं, झुरळं घर करतात. कापलेल्या कडेला आतून लाकडी किंवा पीव्हीसीची पट्टी बसवायला लावा आणि भोवती सिलिकॉन मारायला लावा. सुतार म्हणेल, ताई काही होत नाही, फ्रेमने झाकलं जातं. ऐकू नका, उभं राहून करून घ्या. फ्लश डोअर कापलं तर कडेला प्रायमर किंवा वॉर्निश हवंच, नाहीतर जुलैमध्ये दार पाणी पिऊन फुगतं आणि झडप फ्रेममध्ये अडकायला लागते. शिवाय फ्लश डोअरच्या खालच्या कडेला आडवी लाकडी चौकट असते, ती कापली की दार कमजोर होतं, म्हणून भोक तिच्या वर घ्यायचं.

उंची कशी ठरवायची ते सांगते. मांजर उभं असताना जमिनीपासून पोटापर्यंत पट्टीने मोजा, साधारण तिथे पानाची खालची कड आली पाहिजे. पण बाथरूमची फरशी बाहेरच्यापेक्षा खाली असते आणि मधे मार्बलचा उंबरा असतो, त्यामुळे बाहेरून बरोबर वाटलेली उंची आतून उडी मारण्याएवढी होते. दोन्ही बाजूंनी मोजा, फरक जास्त असेल तर आतल्या बाजूला एक पाट किंवा न घसरणारी पायरी ठेवा. म्हाताऱ्या किंवा गुडघे दुखणाऱ्या मांजराला हे फार जाणवतं. रुंदीला पोटाचा घेर बघा, मिशा नाही, आणि वाढतं पिल्लू असेल तर मोठ्या मांजराच्याच मापाची घ्या. आणखी एक, या झडपांचे स्क्रू जाड दारांच्या हिशोबाने लांब दिलेले असतात, पातळ पीव्हीसी दारातून ते बाहेर डोकावतात, ते कापून घ्यायला विसरू नका.

बाल्कनीची गोष्ट वेगळी. तिथे स्लायडिंगची काच असते, आणि टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या काचेला नंतर भोक पाडता येत नाही, ड्रिल लावलं की अख्खी काच चुरा होते. भोक असलेली नवी काच आधी कापून मग टफन करून घ्यावी लागते आणि ते महाग पडतं. त्यापेक्षा ॲल्युमिनियमवाल्याकडून ट्रॅकमध्ये बसणारी उभी अरुंद पट्टी करून घ्या, पॉलिकार्बोनेटची (न तडकणारं कडक प्लास्टिक) किंवा एसीपी शीटची (प्लास्टिकच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पत्रा), तिच्यात झडप, आणि स्लायडिंग दार त्या पट्टीला येऊन टेकतं. घर सोडताना पट्टी काढून घ्यायची, भाड्याच्या घराला म्हणूनच हे सगळ्यात सोयीचं. ॲक्रेलिक घेऊ नका, कापताना आणि स्क्रू आवळताना तडकतं. दोन तोटे आहेत. दाराचं मूळ लॉक आता लागत नाही, वेगळी कडी बसवावी लागते. आणि पश्चिमेकडची बाल्कनी असेल तर पावसाच्या झडीत पान खडखडतं आणि खालून पाणी येतं, तिथे ब्रशची पट्टी असलेली झडप घ्या. एसीपीत ॲल्युमिनियम असतं आणि धातूजवळ चिप वाचणारी झडपेची अँटेना गडबडते, सेफ्टी डोअरच्या लोखंडी जाळीलाही हेच लागू. म्हणजे चिपवाली लावायची असेल तर पॉलिकार्बोनेट.

नुसता डासांच्या जाळीचा शटर असेल तर जाळीलाच क्लिपने बसणारी छोटी हलकी झडप मिळते. स्वस्त आहे, काम करते, पण फायबरची जाळी असेल तर मांजर कडेने नखं मारून फाडतं, स्टीलची जाळी असेल तरच लावा.

हे सगळं करण्याआधी बाल्कनी पूर्ण बंद आहे का ते तपासा, यात तडजोड नको. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲनिमल मेडिकल सेंटरमधल्या व्हेट्सनी उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची माहिती छापली होती, उपचार झालेल्यांपैकी ९० टक्के जगली, आणि लोक हा आकडा सांगून निर्धास्त होतात. पण जी जागच्या जागी गेली ती दवाखान्यापर्यंत पोचलीच नाहीत, ती या हिशोबात नाहीत. जगलेल्यांनाही छातीला मार, जबडा आणि पाय मोडलेले. झडप लावली म्हणजे तुम्ही झोपेत असताना, ऑफिसात असताना मांजर बाल्कनीत एकटं असणार, आणि समोर कबुतरं. कबुतरांची नायलॉनची जाळी उन्हाने कुजते आणि मांजर ती दातांनी तोडतं. इनव्हिजिबल ग्रिलच्या तारांमधून पिल्लू निसटू शकतं. ग्रिलवर आतून स्टीलची वेल्ड मेश, म्हणजे जोडलेल्या तारांची कडक जाळी, तीही वरपर्यंत, एवढं झाल्यावरच झडपेचं बोला.

मेन डोअरबद्दल पुन्हा एकदा, टॉवरमधली काही दारं फायर रेटेड, म्हणजे ठरावीक वेळ आग अडवणारी असतात, त्यांना भोक पाडलं की ते रेटिंग संपलं. सोसायटी तुम्हाला मांजर पाळू नका म्हणू शकत नाही, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या गाइडलाइन्स मुख्यतः कुत्र्यांबद्दल असल्या तरी पाळीव प्राण्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही हाच त्यांचा सूर आहे, पण पॅसेज सगळ्यांचा असतो आणि तिथे मांजराने घाण केली तर भांडण तुमच्याच अंगावर येणार. बैठ्या घरात मेन डोअरला लावायचीच असेल तर कडीपासून एवढी लांब लावा की बाहेरून झडपेतून हात घालून कडी काढता येणार नाही.

भाड्याचं घर आहे आणि बाथरूमच्याच दाराला हवीय? ओनरला विचारा, आणि त्याचं दार काढून माळ्यावर ठेवून स्वस्तातलं पीव्हीसीचं दार लावा, त्यात काय हवं ते कापा, जाताना जुनं दार परत. डिपॉझिटचा वाद होत नाही. तेवढाही खर्च नको असेल तर दार चार इंच उघडं धरून ठेवणारा हूक किंवा पट्टा लावा. वास आणि डास राहतील, पण मांजर अडकणार नाही, आणि एकाच मांजराच्या घराला काही महिने तरी यावर भागतं. लिटर रोज साफ होत असेल तर कदाचित पुढेही भागेल.

लावल्यावर घाई करू नका. पहिले काही दिवस पान चिकटपट्टीने पूर्ण वर धरून ठेवा, नुसत्या भोकातून जाऊ दे, पलीकडे आवडीचं काही ठेवा, आमच्याकडे उकडलेल्या बांगड्याचा तुकडा चालतो. मग पान अर्धं खाली, मग पूर्ण. मागून ढकलू नका, डोकं धरून आत घालू नका, एकदा शेपटी चिमटली की ती झडप त्याला नको होते. चिपवालीची खिटी सरकताना टक् आवाज होतो, त्याला घाबरणारी मांजरं असतात, त्यांच्यासाठी आधी खिटी उघडी राहील अशी मोटर बंद ठेवून सवय लावा. आणि चिपवाली मागवण्याआधी व्हेटकडे जाऊन मांजराची चिप स्कॅन करून घ्या, ती जागेवर आहे ना आणि नंबर १५ आकडीच आहे ना ते बघा, कमी आकड्यांची जुनी चिप असेल तर ती झडप वाचते का ते विक्रेत्याकडून लेखी घ्या आणि मगच पैसे भरा.