फोर-एट-सिक्स संगणक घरच्या नेटवर्कवर : ‘एमटीसीपी’ या डॉस संचाचे परीक्षण

आमच्या छापखान्यात १९९४ साली घेतलेला फोर-एट-सिक्स (४८६ प्रोसेसरचा) संगणक अजून सुरू होतो. पत्रिका, कार्यअहवाल आणि स्थानिक दिवाळी अंकांचा मराठी मजकूर त्याच्या हार्ड डिस्कवर आहे. तो सुखरूप बाहेर काढावा आणि संगणकही मूळ रूपात चालता राहावा, म्हणून मी तो घरच्या राउटरला जोडायचे ठरवले. त्यासाठी मायकेल ब्रुटमन यांनी लिहिलेला ‘एमटीसीपी’ हा डॉससाठीचा (विंडोजच्या आधीच्या, आज्ञा टंकून चालवायच्या कार्यप्रणालीसाठीचा) नेटवर्क प्रोग्रॅमांचा मोफत संच निवडला. तीन महिने तो नियमित वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

प्रथम या संचाची रचना सांगितली पाहिजे, कारण त्याची खरी थोरवी तिथेच आहे. मायक्रोसॉफ्टचा डॉससाठीचा जुना नेटवर्क क्लायंट मी आधी वापरून पाहिला होता. तो मेमरीत ठाण मांडून बसतो आणि ६४० किलोबाइटच्या मूळ मेमरीतला इतका भाग व्यापतो की मोठे प्रोग्रॅम उघडेनासे होतात. शिवाय तो फाइलवाटपाची जी जुनी पद्धत वापरतो, ती आजच्या विंडोजमध्ये सुरक्षेच्या कारणास्तव बंदच असते. एमटीसीपीमध्ये कायमचे मेमरीत राहते ते फक्त नेटवर्क कार्डाचे पॅकेट ड्रायव्हर (कार्ड आणि प्रोग्रॅम यांच्यातला दुवा), आणि ते अवघ्या काही किलोबाइटचे असते. टीसीपी-आयपीचा, म्हणजे नेटवर्कवर माहिती पाठवण्या-घेण्याच्या नियमांचा, सगळा व्यवहार प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटातच आहे. तो प्रोग्रॅम बंद झाला की मेमरी पूर्ववत मोकळी होते. आयबीएमच्या १९८१च्या मूळ पीसीतील ८०८८ प्रोसेसरवरही हा संच चालतो, म्हणजे आमच्या यंत्राला त्याचा काहीच भार नाही.

जोडणीला मात्र वेळ लागला. संगणक उघडताच मदरबोर्डवरची निकेल-कॅडमियमची नळीसारखी बॅटरी पाझरू लागलेली दिसली आणि तिच्याभोवती हिरवट थर जमलेला होता. ज्यांच्याकडे त्या काळचे यंत्र पडून आहे, त्यांनी इतर कशाच्याही आधी ही बॅटरी काढून टाकावी. हा पाझर तांब्याच्या रेघा खातो आणि पुढे दुरुस्ती हाताबाहेर जाते. त्यानंतर जुन्या बाजारातून एनई-२००० जातीचे, रिअलटेक ८०१९ चिप असलेले आयएसए (त्या काळच्या मदरबोर्डांवरील खाचेत बसणारे) नेटवर्क कार्ड मिळवून बसवले. असे कार्ड घेताना मागे आजच्या केबलचे आरजे-४५ तोंड आहे ना, हे पाहून घ्यावे, कारण काही कार्डांना नुसते जाड गोल केबलचे तोंड असते.

कार्ड बसवून केबल राउटरला लावली, तर दिवाच लागेना. केबल बदलली, तरी तेच. कार्डाची कमाल गती १० मेगाबिट आहे आणि माझ्या नव्या राउटरचे वेगवान पोर्ट इतक्या कमी गतीला उतरतच नव्हते. मध्ये पाच तोंडांचा साधा १०-१०० स्विच ठेवला आणि हिरवा दिवा लागला. राउटरमध्ये कोणताही बदल करावा लागला नाही.

पुढे घोडे अडले ते इंटरप्टपाशी, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी द्यायच्या क्रमांकित इशाऱ्यापाशी. पॅकेट ड्रायव्हर बिनतक्रार सुरू झाले, पडद्यावर कार्डाचा पत्ताही उमटला. पण राउटरकडे आयपी पत्ता (नेटवर्कवरची संगणकाची ओळख) मागणारा डीएचसीपी प्रोग्रॅम प्रत्येक खेपेला वाट पाहून हात हलवत परत येई. संचासोबत ‘पीकेटीटूल’ नावाचे छोटे साधन मिळते. त्याला नेटवर्कवरची पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) ऐकायला बसवले, तर घरात चार मोबाइल आणि एक टीव्ही सुरू असूनही एकही पॅकेट दिसेना. तेव्हा उलगडा झाला. कार्ड तीन क्रमांकाच्या इंटरप्टवर होते आणि तोच क्रमांक दुसऱ्या सीरियल पोर्टचा असतो. कार्डाचा पत्ता वाचायला इंटरप्ट लागत नाही, म्हणून ड्रायव्हर खुशाल सुरू होत होते. पॅकेट आत घ्यायला मात्र तो लागतोच. कार्डाच्या सेटअप प्रोग्रॅमने इंटरप्ट दहावर नेला, तोच क्रमांक ड्रायव्हरच्या ओळीत लिहिला आणि पुढच्याच प्रयत्नात आयपी पत्ता पडद्यावर आला. दोष शोधण्याचे असे साधन संचातच दिलेले असणे ही मला त्याची सर्वांत मोलाची बाजू वाटते. सोबतचे माहितीपुस्तकही इतक्या आस्थेने लिहिलेले आहे की ते शेवटपर्यंत वाचावे.

मुख्य काम एफटीपी सर्व्हरचे, म्हणजे नेटवर्कवरून फाइली देणाऱ्या प्रोग्रॅमचे. जुना संगणकच सर्व्हर होतो आणि लॅपटॉपवरून त्याच्या फोल्डरांत शिरता येते. कोणाला कोणते फोल्डर दिसावे आणि कोणाला लिहिता यावे, हे एका साध्या मजकूर फाइलमध्ये नोंदवायचे असते. माझ्या यंत्रावर सेकंदाला सुमारे अडीचशे किलोबाइट गती मिळाली आणि जवळजवळ १८० मेगाबाइटचा ऐवज पाऊण तासाच्या आत लॅपटॉपवर आला. यात लहान लहान फाइलींनी खाल्लेला वेळही धरला आहे. फाइली बायनरी पद्धतीनेच, म्हणजे काहीही न बदलता, घ्याव्यात. आमचा बराचसा मजकूर जिस्ट कार्डावर (डॉसवर भारतीय लिप्या दाखवणाऱ्या कार्डावर) टंकलेला, इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतातला आहे. मजकूर पद्धतीत ओळींच्या शेवटाशी छेडछाड होते, आणि मूळ प्रत जशीच्या तशी हाती असणे केव्हाही चांगले. आजच्या संगणक-मोबाइलवरील युनिकोड संकेतातील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८च्या आवृत्तीवर बेतलेली असल्याने पुढचे रूपांतर फारसे अवघड गेले नाही. तीस वर्षांपूर्वी वडिलांनी टंकलेली एका लग्नाची पत्रिका मोबाइलवर जोडाक्षरांसह नीट वाचता आली, तेव्हा मला फार समाधान वाटले.

बॅटरी काढल्यामुळे दर वेळी घड्याळ १९८०वर जाते. डीएचसीपीने दिलेल्या पत्त्याची मुदत तपासताना ही चुकीची तारीख आड येते, म्हणून संचातला एसएनटीपी प्रोग्रॅम सुरुवातीच्या बॅच फाइलमध्येच घालून ठेवावा. तो नेटवर्कवरून वेळ आणून घड्याळ लावतो. भारतीय वेळ नोंदवताना आपण ग्रीनिचच्या पुढे असूनही उणे साडेपाच लिहावे लागते, हे ध्यानात ठेवावे; मी अधिक लिहिले आणि घड्याळ अकरा तास मागे गेले.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. संचात कूटबद्ध संपर्काची सोय नाही. त्यामुळे आजची बहुतेक संकेतस्थळे त्यावरून थेट उघडणार नाहीत आणि एफटीपीचा पासवर्ड तारेवरून उघडाच जातो. हा सर्व्हर घराबाहेरून पोहोचेल असा राउटरमधून मोकळा करू नये. एफटीपी सर्व्हर सुरू असताना डॉसवर दुसरे काही करता येत नाही. फाइलींची नावे आठ अधिक तीन अक्षरांचीच राहतात. आणि नेटवर्क उभे राहण्याआधी हा संच जुन्या संगणकात न्यायचा म्हणजे फ्लॉपी हाच सोपा मार्ग. मी लॅपटॉपला यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह जोडला, आणि लागणारे प्रोग्रॅम एका फ्लॉपीत मावले.

सध्या मी त्याच लेखकाचे ‘नेटड्राइव्ह’ वापरतो. त्यात लॅपटॉपवरची डिस्क प्रतिमा (संपूर्ण डिस्क साठवलेली एक फाइल) डॉसला आपल्याच एखाद्या ड्राइव्हसारखी दिसते. मूळ हार्ड डिस्कचा आवाज अलीकडे बदलला आहे, म्हणून रोजचे काम मी त्या ड्राइव्हवर हलवले आहे आणि मूळ डिस्क केवळ संगणक सुरू होण्यापुरती फिरते.